तीन डब्यांची वाटणी

भाऊ वेगळे झाले तेव्हा लीलाधर पारोळ्याच्या शिवारात कपाशीची बोंडं मोजत होता. जळगावला परतला तर कचेरीत टेबलं जागच्या जागी, पण कॉम्प्युटर तिन्ही गायब. फरशीवर नुसती केबल पडलेली, मेलेल्या धामणीसारखी.

जीवरामभाऊ आणि गिरधर हे दोघे भाऊ बियाणे कंपनीचे मालक. असोद्याच्या केळीत वाढलेले दोन बैल, त्यातला धाकटा बी.एस्सी. झालेला बैल. लीलाधर त्यांच्याकडे कपाशीचं नवं वाण काढायला होता. दहा हंगाम त्याने त्यात घातले होते. सोमवारी सरकारी समितीपुढे कागद ठेवायचे, तरच वाणाला नाव मिळणार. ते कागद अजून छापायचेच होते.

सगळं त्या तीन डब्यांत होतं. लीलाधरने ते केबलने असे जोडले होते, की पडद्यावर एकच कपाट दिसे. कप्पा उघडला की माल समोर. तो कुठल्या डब्यातून आला हे बसणाऱ्याला कळत नसे, कळायची गरजही नसे. झाडांची मोजमापं एकात, फोटो दुसऱ्यात, आणि कोणत्या झाडाचा कोणत्या झाडाशी संकर केला ती वंशावळ तिसऱ्यात. जीवरामभाऊंना हे कधी पचलं नाही.

"आपला माल कोणत्या डब्यात आहे ते बोटाने दाखव."

"सगळ्यांत मिळून आहे, भाऊ."

"म्हणजे कोणातच नाही."

टेपवर दुसरी प्रत ठेवू म्हटलं, तर गिरधर हसला होता: "एका नवरीला दोन मांडव का रे?" आणि हाताने लिहिलेल्या नोंदींच्या वह्या लीलाधरनेच चुलीत घातल्या होत्या. वह्या या केळीवाल्यांनी लिहाव्यात, असा त्याचा तोरा.

वाटणी रीतीने झाली होती. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं, आईचा वाटा वेगळा. गोदामं वाटली, म्हशी वाटल्या, तसेच डबे. गिरधरने सगळ्यांत चकचकीत तो उचलला आणि धुळ्याला नेला.

"दोन दिवस तिन्ही इथे येऊ द्या," लीलाधर जीवरामभाऊंना म्हणाला. "जोडतो, छापतो, परत करतो."

"धुळ्याची वस्तू माझ्या उंबऱ्यात नको," जीवरामभाऊ म्हणाले. "वाटा झाला तो झाला. आम्हाला पुन्हा एकत्र करायला निघालास काय?"

"तुम्हाला नाही. डब्यांना."

तो केबल पिशवीत घालून धुळ्याला गेला. गिरधर नव्या खुर्चीत गोल फिरत होता.

"तो डबा? पुसून घेतला. थोरल्याची घाण कशाला बाळगू?"

"त्यात कपाशीची वंशावळ होती."

"कपाशीला कसली आली वंशावळ? आमच्या आजोबांच्या पलीकडची आम्हाला ठाऊक नाही." मग अभिमानाने म्हणाला, "चांगला माणूस लावला होता. एक अक्षर राहू दिलं नाही त्याने."

लीलाधरने त्याच्याकडे पाहिलं. शेणाच्या पोला शिव्या देऊन माणूस आपलंच तोंड घाण करतो, म्हणून त्याने पिशवी उचलली आणि असोद्याची गाडी धरली.

असोद्याला भावांच्या आईचा, इंदिराबाईंचा, डबा देवघराशेजारी स्टुलावर होता, वर विणलेला रुमाल. म्हातारीने त्याला हात लावू दिला, पण उचलू दिला नाही.

"माह्या वाट्याचा हाये तो. काय हाये त्यात, दाखव मले."

त्याने चालू केला. पडद्यावर फोटो आले, बोंडामागून बोंड, पांढरीशुभ्र, टपोरी. खाली नुसते झाडांचे नंबर. कोणाचं लेकरू कोणतं, हे सांगणारा डबा धुळ्याला कोरा पडला होता.

"कोनाचं झाड हे?"

"आता कोणाचंच नाही, आक्का."

म्हातारी त्याच्याकडे वळली. "सगळ्यायले काहीबाही भेटलं. तुले काय आलं रे वाट्याले?"

लीलाधरने बटण बंद केलं, रुमाल होता तसा घातला आणि पिशवी उचलली.

"केबल."

"बरं झालं," इंदिराबाई म्हणाल्या. "बांधाले कामी येईन."