बारा कादंबऱ्यांतले जाणते आणि आमचा मामा

आदिवासी समाजावरच्या बारा कादंबऱ्या मी चार वर्षं वाचल्या आणि बाराही कादंबऱ्यांत मला एकच म्हातारा भेटला. कुठे तो डोंगराकडे बघत बसायचा, कुठे नदीकडे, एवढाच काय तो फरक. शहरातून एक गोंधळलेला नायक येतो, म्हातारा त्याला आरपार ओळखतो, मोजकी सात-आठ वाक्यं बोलतो आणि नायक मार्गाला लागला की शहाण्यासारखा मरून जातो. माझ्या प्रबंधाचा विषय होता या आध्यात्मिक मार्गदर्शकांची तुलना. तुलनेला काहीतरी फरक लागतो, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत दोन वर्षं गेली होती.

मग मी तक्ता केला. म्हातारा कितव्या पानावर येतो, किती वाक्यं बोलतो, कितव्या पानावर मरतो. सगळ्यात चिवट म्हाताऱ्यानं दोनशे अकराव्या पानापर्यंत तग धरला होता, तोही बहुधा लेखकाला शेवट सुचत नव्हता म्हणून.

सहावं प्रकरण मात्र माझ्या मामाचं होतं. मी त्याच समाजातली, आणि आमच्या वस्तीचा जाणता म्हणजे माझा सख्खा मामा. कोणी गेलं, कोणाचं मन थाऱ्यावर नसलं, भावाभावांतलं बोलणं बंद झालं, की त्याला बोलावणं येतं. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलायला लागला की थांबत नाही. मरणाच्या घरी गेला की गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगून सगळ्यांना हसवतो, आणि हसता हसता ती माणसं रडायला लागली की मगच गप्प होतो. डोंगराकडे बघायला त्याला सवड नसते.

विभागप्रमुख बाईंनी या प्रकरणावर नाक मुरडलं. मामा त्यांना प्रातिनिधिक वाटेना. बारा कागदी म्हाताऱ्यांपुढे एक जिवंत माणूस अल्पमतात गेला होता. मीही हट्टाला पेटले, कारण तेवढं एकच प्रकरण मला खरं वाटत होतं. पण पदवी अडली तर विभागातली माझी तात्पुरती नोकरी कायम होणार नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या की मामांना तोंडी परीक्षेलाच आणा, बाहेरचे परीक्षक काय ते ठरवतील.

या परीक्षकांची स्वतःचीही एक कादंबरी होती. माझ्या तक्त्यात ती सातवी, म्हातारा पान एकशे चाळीसला खलास. मामा कामाच्या कपड्यांतच आला. परीक्षक उठून उभे राहिले, हात जोडले आणि दोन मिनिटं भारावून गप्प बसले. मामानं त्यांना सांगितलं की तुमच्या लिफ्टचं दार नीट लागत नाही, उतरताना जिन्यानं जा. परीक्षकांनी ते वहीत टिपून घेतलं. त्यांना त्यात काहीतरी खोल सापडलं असावं.

मग त्यांनी मामाला विचारलं, या संशोधनाबद्दल तुम्हाला काय वाटतं. माझा जीव भांड्यात पडला. आदल्या दिवशीच मी मामाला सगळा तक्ता समजावून सांगितला होता.

"पोरीनं मोजलंय चांगलं," मामा म्हणाला. "पण एक राहिलं. हे बाराही जण त्या पाहुण्याला सगळं सांगून मरतात. आपल्या माणसांतल्या कोणाला शिकवलं का त्यांनी? त्यांच्यामागे वस्तीनं जायचं कोणाकडे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता. निकाल लागला: प्रबंध सुधारून द्या. अहवालात परीक्षकांनी मामाचा प्रश्न असा लिहिला की जणू तो त्यांना सकाळी दाढी करताना सुचला होता.

जिना उतरून खाली आल्यावर मी मामाला फैलावर घेतलं. एक 'छान आहे' म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं, विचारलं. तो म्हणाला, मला विचारलं म्हणून सांगितलं. निकालानंतर बाईंनी एक मेहरबानी मात्र केली होती. सोमवारी सकाळी दहाला सुधारलेला तक्ता समितीपुढे स्वतः मांडला, तर माझ्या नोकरीचं त्या बघणार होत्या.

रविवारी दुपारपर्यंत रकाना भरला. बारा कादंबऱ्या, बारा शून्यं. मला चेव चढला. लेखकांना आता चांगलंच सोलून काढणार होते. तेराव्या ओळीत मामा होता, म्हणून वही घेऊन त्याच्या घरी गेले. तो चपला घालत होता.

"मामा, तुझ्याकडून हे काम कोण कोण शिकतंय?"

"कोणी नाही."

"असं कसं?"

"चार वर्षं दर रविवारी तू येऊन बसलीस," तो म्हणाला. "मी सांगायचो, तू लिहून घ्यायचीस. मला वाटायचं, आज तरी म्हणेल, मामा, मलाही घेऊन चल. मग तू वही मिटायचीस आणि बस पकडायचीस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पाहुण्यावर मी दोनशे पानं तोंडसुख घेतलं होतं, तो आमच्या घरात मीच होते. मी तिथेच उभ्या उभ्या तेराव्या ओळीत शून्य लिहिलं.

मामा दाराबाहेर पडला होता. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याची आई गेली होती.

"मी येऊ?" मी विचारलं.

तो थांबला. "दोन दिवस लागतील. मधेच उठून जाता यायचं नाही."

मी बाईंना फोन लावला आणि उद्या येत नाही म्हणून सांगितलं.