रंगाऱ्याचा श्वास

मी मुखवटा बोलतोय. नाटकातला नव्हे. मला ना मिशा, ना रंग. मऊ, पारदर्शक, नाकातोंडावर घट्ट बसणारा. मागे चार पट्टे आणि पुढे एक जाड नळी. त्या नळीतून माणसाचा श्वास यंत्रात जातो आणि यंत्र सांगतं, या घटकेला हे शरीर साखर जाळतंय की चरबी.

साच्यातून खोक्यात आणि खोक्यातून थेट संशोधनाच्या या खोलीत, एवढाच माझा प्रवास. इथे जागच्या जागी चालवायची सायकल आहे, वजनकाटा आहे आणि दोन बायका. एक संशोधक मॅडम, आहार आणि व्यायामाने मधुमेह किती आवरतो याचा बारा आठवड्यांचा अभ्यास करणाऱ्या. दुसरी यंत्र सांभाळणारी ताई. प्रत्येक माणसानंतर ती मला कोमट साबणपाण्यात धुते आणि खुंटीला टांगते.

माणसं मजेशीर असतात. पथ्य पाळलं का विचारलं, की झाडून सगळी हो म्हणतात. पण मी तोंडावरच बसलेला असतो. माझ्यापासून काय लपवणार?

एका रंगाऱ्याने मात्र मॅडमपासून लपवलं, आणि तेही माझ्यासमोर.

पन्नाशीचा माणूस. नखांत कायम पांढरा रंग. शिडीवर उभं राहून भिंती रंगवण्यात जन्म गेलेला. बारा वर्षं मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सुईचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. त्याने मान डोलावली. रोज घरी साखर तपासून आकडा वहीत लिहायचा होता. इथे मात्र बोट टोचून तपासणी पंधरा दिवसांनी एकदाच.

चौथ्या आठवड्यात त्याचं वजन सहा किलोंनी उतरलं. मॅडम हरखल्या. बाकीच्यांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. तो नुसता हसला.

त्या दिवशी ताई शेजारच्या खोलीत कागद आणायला गेली. रंगारी सायकलवर एकटाच होता. मला तोंडावर धरून तो स्वतःशीच पुटपुटला, आठ दिवस झाले. आधी अर्धी केली, आता सुईच नाही. काही झालं का? काही नाही.

माझी तर पाचावर धारण बसली. एवढं मोठं गुपित आणि मला जीभ नाही.

त्याचं कारणही मला त्याच्याच तोंडून कळलं. त्याचा थोरला भाऊही रंगारीच. त्याची सुई वाढत गेली, मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळं. या धाकट्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की सुई वाढली की पाय जातो. आणि पाय गेला की शिडी गेली.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा ओठ सुकून पापुद्रे धरलेले. पाण्याची बाटली त्याने दारातच संपवली. ताईने मला त्याच्या तोंडावर चढवलं आणि त्याचा पहिलाच श्वास माझ्यावर आदळला. त्याला वास होता, पिकून सडायला लागलेल्या फळांचा. खोल श्वास, लगेच दुसरा, लगेच तिसरा. सायकलचं पायडल अजून हललंही नव्हतं. त्या श्वासांनी माझ्या कडा आत ओढल्या जात होत्या आणि मला वाटत होतं, हा माणूस माझ्याच आत बुडतोय.

मॅडम पडद्याकडे बघत होत्या. शरीर जवळजवळ निव्वळ चरबीवर चाललंय असं यंत्र दाखवत होतं. त्यांनी सुरू करा म्हणून खूण केली.

ताई हलली नाही. ती श्वास मोजत होती.

"मॅडम, मिनिटाला बत्तीस."

"जिने चढून आलेत ना."

"पंधरा मिनिटं बसून आहेत ते."

मॅडम म्हणाल्या, दहाच मिनिटं घेऊ, आजचा आकडा फार महत्त्वाचा आहे. तेव्हा ताईने एक गोष्ट केली, जी तिच्या कामात बसत नव्हती. तिने माझे पट्टे सोडले, मला त्याच्या तोंडावरून काढलं आणि स्वतःच्या नाकाशी धरलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, सुई कधी घेतलीत?"

तो नखांतला रंग खरवडू लागला.

"ओरडणार नाही मी. कधी घेतलीत?"

"दोन आठवडे होतील," तो म्हणाला. "वहीतले आकडे मनानेच लिहिलेत. पाय वाचवायचा होता, ताई."

मॅडम उठल्या. बोट टोचलं तर साखर मोजायच्या यंत्राने आकडा न दाखवता नुसतं 'फार जास्त' दाखवलं. त्यांनी स्वतः रुग्णवाहिकेला फोन केला. सुईविना शरीराला साखर वापरता येत नव्हती. ते चरबी जाळत सुटलं होतं आणि रक्त आंबत चाललं होतं. आम्ही ज्याला यश म्हणत होतो, ते हे होतं.

तीन दिवस कोणी काही सांगेना. मी खुंटीवर लटकून दाराकडे बघत राहिलो. ताई दुसऱ्यांना मला लावायची, पण तिची बोटं गार असायची.

चौथ्या दिवशी रंगाऱ्याची बायको आली. तो वाचला होता. ती मॅडमसमोर बसली आणि म्हणाली, यांना कोणी आधीच सांगितलं असतं, की पाय सुईने जात नाही, साखरेने जातो, तर बरं झालं असतं. मॅडमनी अभ्यास थांबवला, झालं ते सगळं वरच्या समितीला लिहून कळवलं, आणि त्यात स्वतःची ती 'दहाच मिनिटं'ही लिहिली. दोन महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं. आता प्रत्येकाचं बोट दर खेपेला आल्याबरोबर इथेच टोचतात.

रंगारी या खोलीत परत आला नाही. शिडीवर चढतो, असं ऐकलं.

माझ्या कडेला आता चीर गेली आहे. हवा निसटते, आकडे चुकतात. या आठवड्यात मला टाकून देतील. जाण्याआधी एवढंच सांगतो. मी शेकडो तोंडांवर बसलो आणि जवळजवळ प्रत्येक तोंडात भीती होती. आजाराची असो, औषधाची असो, पुढे काय होईल याची असो. भिण्यात लाज नाही. पण ती भीती मुखवट्याला सांगू नका. समोरच्या माणसाला सांगा. मला बोलता येत नाही, आणि दर वेळी खोलीत ताई असेलच असं नाही.