मेणाचे तुळशीरामशेठ

भिवंडीजवळच्या कशेळीच्या तुळशीरामशेठनी हयातभर घरात एसी लावू दिला नाही. खाडीकाठची जमीन गोडाऊनला गेली, मुलाने, म्हणजे मनोजने, दोन मजली बंगला बांधला, संगमरवरी फरशी घातली. पण म्हातारा हॉलमध्ये असला की पंखासुद्धा त्याच्या हुकमाशिवाय फिरत नसे. उकडतं असं म्हणणं हे त्याच्या लेखी आळशाचं लक्षण होतं. बायको हौसा स्वयंपाकघरात पदराने वारा घेत बसायची.

ऐन मे महिन्यात शेठ गेले आणि मनोजने त्यांचा मेणाचा पुतळा करून घ्यायचं ठरवलं. शेजारच्या पूर्णा गावात कुणीतरी आपल्या वडिलांचा सिमेंटचा बसवला होता. त्यापेक्षा हा जिवंत वाटायला हवा होता. हिरामण नावाचा मूर्तिकार मिळाला. मनोजने त्याला एवढंच विचारलं की, वितळणार तर नाही ना? हिरामण म्हणाला, मेण साठ डिग्रीच्या आसपास वितळतं, आणि भिवंडीत कधी साठ डिग्री झालेत का? मनोजचं समाधान झालं. वितळण्याच्या बरंच आधी मेण मऊ पडतं, हे त्याने विचारलं नाही आणि हिरामणनेही सांगितलं नाही.

थंडीच्या दिवसांत पुतळा आला. सोफ्यावर बसलेले शेठ, पांढरा सदरा, ताठ मान, कपाळावर तीच आठी. सून विनिता चहा घेऊन आली ती डोक्यावर पदर ओढून तशीच माघारी फिरली. हौसा बराच वेळ दारात उभी राहिली. पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

होळी झाली आणि शेठच्या कानाची पाळी किंचित लांबल्यासारखी विनिताला वाटली. मनोजने फोन केला तेव्हा हिरामण शांतपणे म्हणाला की एसी लावा, रात्रंदिवस चालू ठेवा. हॉलमध्ये एसी लागला. त्याच संध्याकाळी हौसा उशी घेऊन खाली आली आणि उन्हाळाभर नवऱ्याच्या पायाशी गाढ झोपली. शेजारणींना ती सांगायची की माणूस गेल्यापासून फार समजूतदार झालाय.

वर्षश्राद्धाला सगळ्या गावाला जेवण होतं. त्याच सकाळी डीपी जळाली. वायरमन म्हणाला, संध्याकाळशिवाय लाईट येत नाही. इन्व्हर्टर एसीला पुरेना. मनोजच्या गोडाऊनांमध्ये मोठमोठे जनरेटर होते, पण ते भाडेकरूंचे. ऊन चढलं तशी शेठची मान हळूहळू पुढे कलायला लागली. मनोज दोन्ही हातांनी हनुवटी धरून उभा राहिला आणि त्याने आतेभावाला, हरेशला, मासळीवाल्यांच्या कारखान्यातून टेम्पोभर बर्फ आणायला पिटाळलं.

सोफ्याभोवती बर्फाच्या लाद्या रचल्या. त्यांचं पाणी हॉलभर पसरलं, पायऱ्यांवरून अंगणात उतरलं आणि तापलेल्या फरशीवर पोचताच वाळून जाऊ लागलं. जेवायला येणाऱ्यांनी ते पाणी पाहिलं, लाद्या आत जाताना पाहिल्या. घरात एवढा बर्फ कशासाठी आणतात हे कुणाला विचारावं लागलं नाही. शेठ तर गेल्या वर्षीच गेले होते, मनोजचा आवाज आतून येत होता, म्हणजे राहिली कोण? शेठची बहीण तुळजा पडघ्याहून तेवढ्यात उतरली आणि तिने गेटपासूनच गळा काढला. चार पुरुष बांबूची चौकशी करू लागले.

रडणं ऐकून हौसा नवं लुगडं नेसून वरच्या मजल्यावरून खाली आली.

"कोन गेला?" तिने तुळजाला विचारलं.

तुळजाने डोळे पुसत खरं ते सांगितलं. "तू."

"मी न्हाय गेले. अजून जेवले पन न्हाय."

मग ती हॉलमध्ये शिरली. सभोवती बर्फ आणि मधे नवरा. गेल्या वर्षी याच खोलीत तिने त्याला असंच पाहिलं होतं; तेव्हा आल्यागेल्याचं बघता बघता रडायचं राहूनच गेलं होतं. मनोज अजून हनुवटी धरून उभा होता.

"सोड त्यांना," हौसा म्हणाली.

"सोडलं तर मान खाली जाईल, आई."

"जाऊ दे. पन्नास वर्स ताठच बघितली मी."

मनोजने हात काढले. मान सावकाश झुकली आणि हनुवटी छातीला टेकली. हौसा ओल्या सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडली. थोड्या वेळाने उठून तिने पानं वाढायला सांगितली. आलेले लोक पोटभर जेवून गेले. बांबूची चौकशी करणाऱ्यांनी जिलेबी दोनदा मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात हिरामण आला. गरम हवेचं यंत्र फिरवून त्याने मान वर केली, पण त्या उष्णतेने कपाळावरची आठी विरून गेली आणि ओठांचे कोपरे जरासे वर चढले. आठी पुन्हा कोरतो, असं तो म्हणाला. हौसाने त्याला हात लावू दिला नाही.

आता पाहुणे येतात, पुतळा निरखतात आणि हे काही तुळशीरामशेठ वाटत नाहीत म्हणतात. मनोज ओशाळून हिरामणला दोष देतो. हौसा मात्र रोज शेठच्या शेजारी भाजी निवडत बसते आणि घरात काय काय झालं ते सांगते. मधे कुणी तिचं बोलणं तोडत नाही.