उसनी सही

आमच्या डेपोत मला सगळे घड्याळ म्हणतात. बारा वर्षांत माझं एकही पार्सल उशिरा पोचलं नाही, म्हणून. आता हे घड्याळ आतून कसं चालतं ते नाव ठेवणाऱ्यांनाही ठाऊक आहे, कारण त्यांचीही तशीच चालतात.

संध्याकाळी सहाला पार्सलच्या नोंदीचं आमचं हातातलं मशीन दिवस मिटवतं. सहाच्या आत सही पडली तर पार्सल वेळेवर, नाहीतर उशिरा. मग कारण लिहा, खुलासा द्या, बाईंपुढे मान खाली घालून उभे राहा. बाई म्हणजे आमच्या सुपरवायझर. तर पावणेसहाला गाडीत चार-पाच नग उरलेच, तर मशीनवर आपणच बोटानं सही ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी ती पार्सलं पोचवायची. याला आम्ही 'उसनी सही' म्हणतो. उसनी, कारण सकाळी फेडायची असते. बोटानं केलेली सही कुणाचीही असो, गांडुळासारखीच दिसते. कुणाला पत्ता लागत नाही.

नियम एकच. भांडकुदळ माणसाची सही उसनी घ्यायची नाही. जो गरीब गाय आहे, घरीच असतो, एक दिवस इकडेतिकडे झालं तरी हूं की चूं करत नाही, त्याची घ्यायची. म्हणजे ज्यानं आमच्यावर विश्वास टाकला, त्याचाच केसानं गळा कापायचा. हे मला आज सुचतंय. बारा वर्षांत नाही सुचलं.

तिसऱ्या मजल्यावरचे सर म्हणजे उसन्या सहीसाठी देवानं घडवलेला माणूस. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारे. पार्सल हातात घेतलं की आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायचे आणि त्या गावाजवळून कुठली नदी जाते ते मला सांगायचे. मी हो हो म्हणत निम्मा जिना उतरलेला असायचो.

त्या गुरुवारी पुलावर ट्रक आडवा झाला आणि माझा दीड तास गेला. पावणेसहाला पाच नग उरले. त्यात एक सरांचा होता. बुटांच्या खोक्याएवढा, खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला, आणि वर तीनदा 'जपून' लिहिलेलं. मी पाचही सह्या ठोकल्या, नग क्रेटमध्ये टाकून क्रेट शेजारच्या सीटपुढे ठेवला आणि डेपोत आलो. बाई म्हणाल्या, "घड्याळराव, तुमच्या गाडीचे ब्रेक ओरडतायत. गॅरेजला लावा आणि तिथूनच घरी जा."

मी गाडी लावली. सकाळी सातला क्रेट घ्यायला गेलो तेव्हा मेकॅनिक आलेला नव्हता. वॉचमननं गाडी उघडून दिली. क्रेटमध्ये चार नग होते. सीटखाली पाहिलं, मागं पाहिलं, चटया उचलल्या. सरांचा नग नव्हता. खिडकीची काच चार बोटं उघडी होती, ती मीच सोडलेली.

चोरीला गेला, असं मी ठरवून टाकलं. मेकॅनिकला विचारायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मेकॅनिक म्हणजे बाईंचा सख्खा मेहुणा. त्याच्या कानात शिरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाईंच्या टेबलावर. सही झालेलं पार्सल गाडीत कसं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चार नग पोचवले आणि गप्प बसलो.

शनिवारी सरांच्या औषधांचं पार्सल आलं. सरांनी दार उघडलं ते घाईघाईनं.

"अहो पार्सलवाले, बरं झालं आलात. माझ्या दादानं काही पाठवलं होतं. त्याच्या फोनवर दिसतंय की गुरुवारी पोचलं, सहीसुद्धा आहे. मला तर आठवत नाही. तुम्ही दिलं होतंत का?"

मी खरं बोलू शकत होतो. दाराशी कुणी नव्हतं, फक्त ते आणि मी.

"सर, रेकॉर्डला सही आहे म्हणजे दिलंच असणार," मी म्हणालो. "कुठंतरी ठेवून विसरला असाल."

त्यांनी कपाळावरचा चष्मा चाचपला. "असेल," म्हणाले. "हल्ली होतं खरं तसं."

त्यात काय होतं तेही त्यांनी सांगितलं. टपाल तिकिटांचा अल्बम. लहानपणी दोघा भावांनी मिळून जमवलेला. त्यातली काही तिकिटं आता इतकी दुर्मीळ झाली होती की एका व्यापाऱ्यानं त्या अल्बमपायी दादाच्या घराचे उंबरे झिजवले होते. दादानं दिला नाही. दोघा भावांत आठ वर्षं अबोला होता, आणि गेल्या महिन्यात दादानं आपणहून फोन केला, अल्बम तुझ्याकडे पाठवतोय म्हणून.

"एक निळं तिकीट होतं, शिडाच्या जहाजाचं," सर म्हणाले. "बाबांनी मला वाढदिवसाला दिलेलं. ते मी हरवलं. पट्ट्यानं मारलं होतं हो बाबांनी. तेव्हापासून मी वस्तू फार जपतो. म्हणून तर आश्चर्य वाटतंय."

मी जिना उतरलो. त्या दिवशी त्यांनी नदी सांगितली नाही.

पुढच्या आठवड्यात दोनदा त्या इमारतीत जावं लागलं. एकदा सरांच्या मुलीनं दार उघडलं. मागं घर उपसलेलं दिसत होतं. पुस्तकं जमिनीवर, गाद्या उलट्या, डब्यांची झाकणं काढलेली. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी पिठाच्या डब्यातही हात घालून पाहिला. काका फोनवर म्हणतात, 'घेतलंस तर घेतलं म्हण, नाटकं कशाला करतोस?' डॉक्टरांची वेळ घेतलीय. डोक्याचे डॉक्टर." मी "काळजी घ्या" म्हणालो. जीभ झडली कशी नाही माझी!

घरी बायकोनं तिसऱ्या दिवशीच ओळखलं. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. सगळं ऐकून म्हणाली, "चोरी कुणी केली असेल ती असो. त्या म्हाताऱ्याला वेडा तुम्ही ठरवलात. उद्याच्या उद्या सांगा बाईंना."

"सांगतो," मी म्हणालो, आणि बायकोवरच चिडलो. जेवणात मीठ जास्त झालंय म्हणालो. मीठ बरोबर होतं.

त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा सरांकडे नग होता. साधं पुस्तक. सरांनी दार उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दाराजवळच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. भूगोलाच्या शिक्षकाचं सुंदर अक्षर.

'८.१० दूध. ८.४० वर्तमानपत्र. ९.१५ शेजारीण, वाटी परत. ११.०५ पार्सल, पुस्तक.'

"दार उघडलं की लिहितो," ते म्हणाले. "डॉक्टरांना दाखवायला. म्हणजे काय राहतं, काय जातं ते कळेल. तुम्ही जरा इथं सही कराल? साक्षीदार म्हणून. माझ्या लिहिण्यावर आता माझाच भरवसा नाही."

मी सही केली. त्यांच्या वहीत, माझ्या नावाची, खरी.

"दादाचं परवा ऑपरेशन आहे, हृदयाचं," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी बोलणार आहे त्याच्याशी. त्याआधी अल्बम सापडायला हवा होता."

तेव्हाच सांगायचं होतं. पण मी म्हटलं, आधी बाईंना सांगू, रीतसर होऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डेपोत बारा वर्षं एकही उशीर नाही म्हणून माझा सत्कार होता. बाईंनी प्रशस्तिपत्र दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. हातात ते कागदाचं भेंडोळं धरून कुठल्या तोंडानं सांगणार? बुधवारी बाई रजेवर होत्या. फोन करता आला असता. केला नाही.

गुरुवारी सकाळी मात्र मी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. बाईंनी ऐकलं. ओरडल्या नाहीत, आणि मला तेच जड गेलं. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पार्सलचा नंबर सांगा."

नंबर सांगितला. त्यांनी टेबलावरच्या वहीची मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा नंबर मला मेहुण्यानं दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी दुपारी, फोनवर वाचून दाखवला होता. सीट काढताना तिच्याखालच्या पत्र्यामागच्या पोकळीत अडकलेला सापडला म्हणाला. मी मशीनवर पाहिलं. पोचलं, सही झाली. मीच त्याला म्हटलं, रिकामा खोका असेल, टाक कुठंतरी." त्यांनी वही मिटली. "तुमच्या मशीनवरची सही होती ना घड्याळराव. तुमच्या नोंदीवर मी कधी शंका घेतली नाही."

मी गॅरेजकडे धावलो. मेकॅनिकनं फळीवरच्या नटबोल्टच्या डब्यांमागून खोका काढून दिला. खाकी कागद, सुतळी, तीनदा 'जपून'. वर थोडी धूळ होती. "टाकणारच होतो," तो म्हणाला, "पण सुतळी इतकी निगुतीनं बांधलेली, हात होईना."

तिसरा मजला मी एका दमात चढलो. सरांचं दार उघडंच होतं आणि दाराबाहेर खूप चपला होत्या. मुलगी पुढे आली. डोळे सुजलेले.

"काका गेले काल. ऑपरेशन चालू असतानाच."

माझ्या हातातला खोका तिनं पाहिला आणि बाजूला झाली. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसलो. आलेली माणसं बघत होती. बघू देत. मी सगळं सांगितलं, उसनी सही, क्रेट, गॅरेज. मी शनिवारी दारात उभा राहून खोटं बोललो, तेही सांगितलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," सर म्हणाले.

"नाही सर. तुम्ही काही विसरला नव्हता."

मुलीनं तोंडाला पदर लावला. मी मनातून म्हणत होतो, सर, मारा दोन थोबाडात. सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. कापली नाही, सोडली. दादानं बांधलेली गाठ होती ती.

अल्बम जाड होता, कोपरे झिजलेले. पहिल्याच पानावर मधोमध एकच तिकीट. निळं, शिडाचं जहाज. त्याखाली घडी केलेला कागद. सरांनी तो उघडला आणि मोठ्यानं वाचला. वर्गात वाचतात तसा, सरळ आवाजात.

"'हे तिकीट तू हरवलं नव्हतंस. मी तुझ्या दप्तरातून काढलं होतं. बाबा तुला मारत होते तेव्हा मी दाराआड उभा होतो. साठ वर्षं सांगायचं राहून गेलं. ऑपरेशनला जायच्या आधी मला फोनवर एवढंच सांग, की माफ केलंस. नाही केलंस तरी चालेल, पण काहीतरी सांग.'"

सरांनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली.

"मंगळवारी फोन झाला," ते म्हणाले. माझ्याशी बोलत होते, पण बघत तिकिटाकडे होते. "मी विचार केला, उद्या त्याचं ऑपरेशन, वाद कशाला. सहीही माझीच दिसतेय. खोटं तर खोटं. म्हटलं, हो दादा, अल्बम मिळाला मला, मीच उगाच नाही म्हणत होतो. तो म्हणाला, पहिलं पान बघितलंस? म्हटलं, बघितलं. तो म्हणाला, मग?"

सरांनी कागद परत तिकिटाखाली ठेवला.

"मी म्हटलं, छान आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग 'बरं' म्हणाला आणि ठेवला फोन."

मुलगी रडत होती. मला रडायचाही हक्क नव्हता. मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. मशीन माझ्या कमरेला लटकत होतं. त्याच्या लेखी हे पार्सल दोन आठवड्यांपूर्वीच, पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, वेळेवर पोचलं होतं.

"ते गॅरेज," सरांनी विचारलं, "इथून किती लांब आहे?"

"चालत दहा मिनिटं, सर," मी म्हणालो.