एकशे चौदा कोपरे

आग लागली तर इमारत किती मिनिटं तग धरेल, हे सांगणं तिचं काम होतं. खरी इमारत काही पेटवून बघता येत नाही, म्हणून ती कॉम्प्युटरवर पेटवायची. गेले तीन आठवडे ती एकच इमारत पेटवत होती: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी बांधलेलं तीन मजली शुश्रूषालय. पोलादाची ताकद, छताचं वजन, तुळयांवरच्या आगरोधक लेपाची जाडी असे एकूण बावीस आकडे होते. एकेक आकडा दहा टक्के वर, दहा टक्के खाली करायचा आणि कशामुळे इमारत लवकर मान टाकते ते बघायचं. साठ मिनिटं हवी होती, बहात्तर आली होती. अहवाल तयार होता. डोळ्यांची मात्र पार वाट लागली होती.

उद्या सकाळी ती ताईकडे निघणार होती. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं सगळं ताई एकटी करत होती. "तू आलीस की मी दोन दिवस नुसती झोपणार," ताईने बजावलं होतं. "जेवायला उठवलंस तर याद राख."

अहवालाला जोडायचे फोटो तेवढे राहिले होते. त्यासाठी ती दुपारी इमारतीवर गेली. तिसऱ्या मजल्यावर लेप मारणारा मिस्त्री नळी धूत बसला होता.

"झालं का बाई, पेटवून?"

"झालं. सगळे वाचले."

"मग पेढे कुठेत?"

ती कशीबशी हसली आणि शिडीवर चढली. तुळई जिथे खांबाला मिळते त्या कोपऱ्यात लेप फारच पातळ दिसत होता.

"मिस्त्री, इथे हात का आखडला?"

"आखडला कुठला? कोपऱ्यात नळी वळतच नाही. मान वाकडी करून जेवढा बसेल तेवढा बसतो."

"थोडं कमीजास्त चालतं. दहा टक्के धरलेत आम्ही."

"दहा टक्के?" मिस्त्रीला हसू आवरेना. "अहो, दहा टक्क्यांनी चुकायला हात तरी सरळ करता आला पाहिजे!"

तिने पिशवीतून जाडी मोजायची सुई काढून लेपात टोचली. वीस मिलिमीटर हवे होते, निघाले नऊ. शेजारच्या कोपऱ्यात आठ. अकरा कोपरे टोचले, त्यांतले नऊ निम्म्याच्या आत.

ऑफिसात परतल्यावर तिने तक्ता उघडला. कशामुळे इमारत लवकर कोसळते त्या क्रमात कोपऱ्यातला लेप बाविसांत एकोणिसावा होता. अर्थात. सगळ्यांना तिने एकाच काठीने हाकलं होतं. कारखान्यातून येणारं पोलाद दहा टक्के हलत नाही आणि शिडीवरचा माणूस दहा टक्क्यांवर थांबत नाही, हे तक्त्याला कोण सांगणार? तिने तो एकच आकडा बदलून नऊ केला. पाऊण तास मशीन घरघरत राहिलं. मग उत्तर आलं: अडतीस मिनिटं.

तशी ती नकाशाप्रमाणे बरोबरच होती. नकाशात वीस लिहिलेत. बहात्तर पाठवून दिले असते तर कुणी विचारलंही नसतं. हा विचार येऊन गेला आणि तिला आणखीच थकल्यासारखं झालं. ती उठून साहेबांकडे गेली. चहा घेतानाही शिकवत बसायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांनी आकडा दोनदा वाचला. "सोमवारी रुग्ण यायचेत, पोरी."

"माहीत आहे."

"तू शिडीवर चढलीसच कशाला?"

"फोटो काढायला."

"मग फोटो काढून उतरायचं!" ते करवादले. मग चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत बसले. "मी फोन करतो. सोमवार पुढे जाईल. लेप पुन्हा मारायला लावू, पण या खेपेला कोपरान् कोपरा टोचल्याशिवाय मी सही करायचा नाही. किती आहेत?"

"एकशे चौदा."

"तू जा आईकडे. मी मोजतो."

तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ऑफिसचा एक जिनासुद्धा ते दोन हप्त्यांत चढत. "शिडी तुमची नाही, मास्तर," ती म्हणाली. त्यांनी फोन जवळ ओढला.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने ताईला फोन लावला.

"पिशवी भरली का?" ताईने विचारलं.

"ताई, मला उद्या नाही जमणार. गुरुवारी येते."

ताई म्हणाली, "मी उशीसुद्धा उन्हात टाकलीय गं."

"माझंच चुकलंय. आता कोपरे पुन्हा मोजायचेत. तिथे सगळे न चालणारे लोक राहणार आहेत."

"न चालणारे," ताई म्हणाली. तिला अजून काहीतरी बोलायचं असावं, पण तेवढ्यात आतून आईची हाक आली. "आले!" म्हणत ताईने फोन तसाच कुठेतरी ठेवला. चपला फरफटत गेल्याचा आवाज आला, मग पलंग करकरला आणि "धर माझा खांदा, हळू" असं काहीसं.

ती फोन कानाला लावून ताई परत येण्याची वाट बघत उभी राहिली.