झालं हं, राजा

"झालं, झालं, झालंच हं राजा," मावशी म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरांनी अजून सुई हातातसुद्धा घेतली नव्हती.

टेबलावरचा दांडगा काळा कुत्रा त्या बोलण्याला भुलला. मावशींचा एक हात त्याच्या मानेखाली, एक पाठीवर, आणि कानाशी ते घोगरं, लाडिक 'झालं'. सुई आत जाऊन बाहेर आली तरी पठ्ठ्याला पत्ता नाही. या जनावरांच्या दवाखान्यात मावशींचं काम हेच, जनावर धरायचं. मालक घाबरून बाहेर जायचे, शिकाऊ डॉक्टर दोन हात लांब उभे राहायचे आणि मावशी धरायच्या. कामाला लागल्या तेव्हा लग्नही झालं नव्हतं. आता गुडघे कुरकुरत होते. हुद्दा मात्र तोच, मदतनीस.

समोर ट्रे धरून त्यांची सून उभी होती. तिला इथे मावशींनीच शब्द टाकून चिकटवली होती. तिच्या मनगटाला पट्टी होती. गेल्या आठवड्यात मांजर कडकडून चावलं होतं.

"आई, दुपारी बोलणार ना?" डॉक्टर बाहेर गेल्यावर तिनं हळूच विचारलं.

"इथे आई म्हणू नकोस, सांगितलंय ना."

"बरं, मावशी. बोलणार ना?"

"बोलते गं बाई. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांची बैठक बोलावली होती. काय बोलायचं ते आधीच ठरलं होतं. पगार कधीचा वाढलेला नाही. चावा बसला तर त्या सुट्टीचा पगार कापू नये. आणि ऑपरेशनच्या खोलीतलं काम शिकायला बाहेरची माणसं न आणता इथल्याच कुणाला पाठवावं. तिथे पगारही बरा होता. सुनेचा सगळा जीव त्या शिकण्यात अडकला होता. आपलं काम उरकून ती तिथली हत्यारं मांडायला जायची, कुणी सांगितलेलं नसताना. बोलायचं मावशींनी, असं सगळ्यांनी ठरवलं. "तुमचं ऐकतील ते," झाडूवाले काका म्हणाले होते.

शटर अर्धं ओढून सगळे बाकांवर बसले. जनावरं तोलायच्या काट्यावर एक पाय ठेवून डॉक्टर उभे राहिले.

"आज मोकळेपणानं बोला. आपण घरचीच माणसं. पण आधी एक सांगतो. हा दवाखाना बाबांचा होता, मी शाळेतून इथे यायचो तेव्हा या मावशी मला डबा उघडून द्यायच्या. आजपासून मावशी आपल्या हेड. काही तक्रार असली तर ती मावशींना सांगायची, त्या मला सांगतील."

टाळ्या वाजल्या. आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे मावशींना कळत होतं. तरी कान गरम झाले, पाठ ताठ झाली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"मग, मावशी? काही अडचण?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मावशींनी पदर सारखा केला.

"तसं काही नाही, साहेब. चाललंय सगळं."

"नाही चाललंय," सून उभी राहिली. "मी तापात कामावर आले, कारण तुम्ही पगार कापता. आणि शिकायला दर वेळी बाहेरचं माणूस आणता. आम्ही काय जन्मभर नुसते ट्रेच—"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी फक्त मावशींकडे पाहिलं. टेबलावरचं जनावर लाथा झाडायला लागलं की बघायचे, तसंच.

मावशींचे हात आपोआप उठले. एक सुनेच्या दंडाखाली, एक पाठीवर.

"झालं, झालं. झालंच हं. बस बाळा."

सून बसली. कुणी हसलं नाही. झाडूवाले काका फरशीकडे बघत राहिले.

"पुढच्या वर्षी बघू," डॉक्टर म्हणाले, आणि शटर वर गेलं.

मावशी बेसिनपाशी हात धूत राहिल्या. आपलाच आवाज पुन्हा पुन्हा कानात येत होता आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. सगळ्यांदेखत आपण पोरीला धरली. तिला दुखत होतं आणि आपण म्हणालो, झालं.

मागे सून येऊन उभी राहिली. आसपास कुणीच नव्हतं.

"मावशी, पुढची केस आलीय," ती म्हणाली.

चुकलं गं माझं, असं ओठांवर आलं होतं. मावशींनी ते गिळलं आणि हात पुसले.

टेबलावर एक म्हातारी कुत्री होती. मांडीवर मोठं गळू, ते फोडायचं होतं. मावशींनी मान धरली, पाठीवर हात ठेवला. कुत्री थरथरत मागे सरकत होती. डॉक्टर हत्यार घेऊन थांबले.

"मावशी, बोला की काहीतरी. तुमच्या आवाजाशिवाय ही गप्प राहायची नाही."

मावशींनी तोंड उघडलं. नेहमीचा शब्द येईना. त्या कुत्रीच्या कानाशी वाकल्या.

"दुखणार आहे गं," त्या हलकेच म्हणाल्या. "खूप दुखेल."

डॉक्टरांनी चमकून पाहिलं. सुनेनं ट्रे खाली ठेवला आणि पुढे होऊन कुत्रीचे मागचे पाय धरले, पट्टी बांधलेल्या हातानं. मावशींकडे तिनं पाहिलं नाही.