फुलचूरचा पत्ता

ईश्वरदासने कागद दोनदा वाचला आणि टीपॉयवर पालथा ठेवला. वर चष्म्याची डबी ठेवली.

"हे मी नाही लिहून देत."

भूमिका प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे सरकून बसली होती. सौंदडहून सकाळच्या गाडीने ती गोंदियाला उतरली आणि विचारत विचारत फुलचूरच्या या गल्लीत पोचली. पत्ता मामाने दिला होता. सोबत मात्र तो आला नाही. सहा वर्षांनी ती वडिलांना इतक्या जवळून पाहत होती. मिशी पिकली होती. लाईनमनचा खाकी शर्ट पूर्वी सौंदडच्या घरात असायचा तसाच दारामागच्या खिळ्याला अडकवलेला होता.

"फक्त सही पाहिजे," ती म्हणाली. "मजकूर मी लिहूनच आणला आहे."

"वाचला ना. 'मुलीच्या शिक्षणाचा कोणताही खर्च मी करत नाही.' असं कोणता बाप लिहून देते?"

"मग खर्च करा."

लहानपणी ती त्याला 'तू' म्हणायची. आज तोंडातून 'तुम्ही' आलं आणि तेच दोघांनाही सोयीचं वाटलं.

ईश्वरदासने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत टीव्ही चालू होता.

नागपूरच्या कॉलेजात नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. शिष्यवृत्ती मिळाली तर फी भरायची गरज नव्हती. पण अर्जात वडिलांचं उत्पन्न भरावं लागत होतं, आणि आईवडिलांची फारकत कागदावर कुठेच नव्हती. कागदावर ती पगारदार बापाची मुलगी होती, म्हणून अर्ज परत आला. सौंदडच्या शाळेत खिचडी शिजवून आईला जे मिळायचं त्यावर घर चालायचं, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं होतं, वडील खर्च करत नाहीत असं त्यांच्या सहीनिशी आण, मग आईचं उत्पन्न धरता येईल. मुदत शुक्रवारपर्यंत होती.

"इकडचंही पाहावं लागते मले," ईश्वरदास म्हणाला. "घराचा हप्ता चालू आहे. अन् बारावी झाली ना तुझी? बस झालं. लग्नाचं ठरलं की सांग. लग्नात मी कमी पडणार नाही. चार लोकांत उभा राहीन."

"मला लग्न नाही करायचं आत्ता."

"मी कुठं म्हणून राहिलो आत्ता कर?"

पडदा सरकवून एक बाई चहा घेऊन आली. चमेली हे नाव भूमिकाला मामीकडून कळलं होतं. तिने कप हातात दिला, भूमिकाच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं.

"शक्कर कम तो नहीं?"

"ठीक है."

चमेलीने पालथ्या कागदाकडे नजर टाकली आणि आत जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला. त्यामुळे ईश्वरदासला आणखी हळू बोलावं लागलं.

"ऑफिसात हा कागद फिरला तर? लोक म्हणतील पोरीले टाकून देली."

भूमिकाने चहा संपवला. डबी उचलून बाजूला ठेवली, कागदाची घडी घातली आणि उठली.

तो फाटकापर्यंत सोबत आला. त्याची मोटारसायकल तिथेच उभी होती. तिच्या सीटवर हात ठेवून त्याने गल्लीत दोन्हीकडे पाहून घेतलं.

"एक कर," तो म्हणाला. "बेपत्ता लिव."

"कोण?"

"मी. सहा वर्षांपासून कुठं आहे माहीत नाही, असं तुझ्या आईच्या नावानं लिहून दे. तुमचा तालुका वेगळा. इथं कोण पाहाले येते? मी काही आड येणार नाही."

तारेतला बिघाड सापडल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला होता.

"त्यात कोणाची बदनामी नाही," तो पुढे म्हणाला. मग घड्याळ पाहिलं. "गाडी कितीची आहे?"

तिने वेळ सांगितली. "मग निघ, चुकेल," असं म्हणून त्याने फाटक उघडून धरलं.

ती घरी पोचली तेव्हा आई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. भूमिकाने बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि समोर बसून सगळं सांगितलं. एकच गोष्ट तिने बदलली. बेपत्ता लिहायचं सेतू केंद्रातल्या माणसाने सुचवलं, असं म्हणाली.

आईचं सूप थांबलं.

"जित्या माणसाले बेपत्ता लिहू?"

"दुसरा रस्ता नाही आई."

गावात कोणी विचारलं की आई सांगायची, त्यांची ड्युटी लांब आहे, सुट्टी मिळत नाही. विचारणाऱ्यालाही खरं माहीत असायचं. तरी सणावाराला कोणीतरी विचारायचंच, आणि आई तेच उत्तर त्याच आवाजात द्यायची.

"जेवाले विचारलं का त्यांनी?"

"चहा झाला."

"त्यांनीच केला?"

"नाही."

आईने मान हलवली. सूप पुन्हा चालू झालं. तांदळातले खडे ती नेहमीपेक्षा जास्त वेळ शोधत राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "उद्या शाळेत सुट्टी सांगते."

दुसऱ्या दिवशी दोघी बसने सडक अर्जुनीला गेल्या. आईने कपाटातली निळी साडी नेसली होती. तहसीलच्या आवारात एका टेबलावर धर्मेंद्र नावाच्या माणसाने मजकूर टाईप करून दिला. आत, खिडकीपाशी बसलेल्या कारकून बाईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

"अर्जदार कोण?"

"आई," भूमिका म्हणाली.

"मग त्यांना बोलू दे. बाई, तुमचे मिस्टर शेवटचे कधी दिसले?"

भूमिकाने बसमध्ये सगळी उत्तरं आईकडून पाठ करून घेतली होती. आई खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी," ती म्हणाली. "ही सातवीत होती."

"पोलिसात तक्रार?"

"नाही केली."

"काऊन?"

"येतील म्हणून."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "मग शोध तरी घेतला की नाही?"

ठरलेलं उत्तर होतं, नातेवाइकांकडे चौकशी केली. भूमिकाने आईच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

"घेतला," आई म्हणाली. "फुलचूरले गेली होती. तीनदा."

भूमिकाचा हात तसाच राहिला.

"दोनदा पहिल्याच वर्षी. मग हिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा. पेढे घेऊन."

"मग?"

आईने गज सोडला, पदर खांद्यावर नीट केला.

"नाही सापडले."

बाईंनी मान डोलावली आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे. पूर्ण सही."

आईला सहीला वेळ लागायचा. मागे रांगेतल्या माणसाने घसा खाकरला. तिने पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढलं, पुष्पाबाई ईश्वरदास लांजेवार, आणि रेघ ओढून पेन परत केलं.

बाहेर ऊन होतं. बस यायला अवकाश होता, म्हणून दोघी स्टँडवरच्या बाकावर बसल्या. दाखला परवा मिळणार होता. भूमिकाने पावती बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.

दहावीच्या निकालाच्या दिवशी आई दुपारी कुठेतरी गेली होती आणि दिवे लागल्यावर परतली होती. गाडीत गर्दी फार, असं म्हणत तिने पिशवीतून पेढ्यांचा बॉक्स काढला होता. दोरी तशीच बांधलेली होती आणि आत सगळा चुरा झाला होता. त्या संध्याकाळी दोघींनी तो चमच्याने खाल्ला होता, आणि आई हसून म्हणाली होती, चुरा झाला तरी गोड तेवढाच आहे.

"पाणी आहे का बाटलीत?" आईने विचारलं.

भूमिकाने बाटलीचं झाकण उघडून दिलं.